अ‍ॅक्रोपोलिसच्या फाटकावरचा गल्ला

१ एप्रिल २०२५ या एकाच दिवशी ग्रीसमध्ये दोन आकडे बदलले. कामगाराचे किमान मासिक वेतन ८३० युरोंवरून ८८० युरोंवर गेले. आणि अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिस टेकडीवर चढण्याचे तिकीट वीस युरोंवरून तीस युरोंवर गेले. पहिली वाढ शेकडा सहा, दुसरी शेकडा पन्नास. हिवाळ्यात जे तिकीट दहा युरोंना मिळे तेही बंद झाले. म्हणजे त्या ऋतूत दर तिप्पट झाला. पूर्वी ज्या तीस युरोंत अ‍ॅक्रोपोलिसबरोबर शहरातील आणखी सहा प्राचीन स्थळे पाहता येत, त्या तीस युरोंत आता ही एकच टेकडी पाहावयाची. युरोपीय संघातील पंचवीस वर्षांखालील तरुणांना प्रवेश विनामूल्य आहे, काहींना सवलत आहे, वर्षातले मोजके दिवस फाटक सर्वांनाच मोकळे असते, हे खरे. परंतु कमावत्या वयाच्या ग्रीक कामगार जोडप्याला स्वतःच्याच शहरातला हा खडक चढावयाचा तर साठ युरो मोजावे लागतात, हेही तितकेच खरे. किमान वेतनावर राबणाऱ्याला ही रक्कम सहज खिशातून काढता येते, असे सांगण्याचे धाडस कोणी करणार नाही.

ही टेकडी समुद्रसपाटीपासून सुमारे १५६ मीटर उंच आहे. चुनखडीच्या उभ्या कड्यांवर एक सपाट माथा, आणि त्या माथ्यावर इ.स.पू. पाचव्या शतकात उभ्या राहिलेल्या चार इमारती: प्रॉपिलीआ हे भव्य प्रवेशद्वार, विजयदेवतेचे चिमुकले मंदिर, स्त्रीमूर्तींच्या खांबांवर पेललेल्या सज्जाचे इरेख्थिऑन, आणि सर्वांवर मान काढून उभे असलेले पार्थेनॉन. वर्षाकाठी चाळीस लाखांहून अधिक माणसे पश्चिमेच्या चढणीने येथे येतात. शतकानुशतकांच्या पावलांनी गुळगुळीत झालेल्या दगडांवरून जपून चालतात, छायाचित्रे काढतात आणि उतरून जातात. जाताना त्यांच्यापैकी बहुतेकांच्या मनात एकच वाक्य रुजलेले असते: लोकशाहीचा जन्म येथे झाला. वाक्य गोड आहे. पण ज्या लोकशाहीच्या नावाने तिकीट विकले जाते, तिच्या पायरीवर सामान्य माणसाची जागा कोणती, हा प्रश्न तिकिटाच्या खिडकीपाशी कोणी विचारीत नाही. तो विचारलाच पाहिजे.

दगडावर कोरलेला हिशेब

अथेन्सच्या लोकशाहीची एक सवय आजच्या राज्यकर्त्यांना अडचणीची वाटावी अशी होती. सार्वजनिक पैशातून इमारत उभारली की तिचा हिशेब संगमरवरावर कोरून लोकांच्या नजरेसमोर उभा करावयाचा. पार्थेनॉनचे काम इ.स.पू. ४४७ मध्ये सुरू झाले आणि ४३२ मध्ये शिल्पांसह पुरे झाले. त्याच्या हिशेबाचे तुकडे सापडले आहेत. इरेख्थिऑनच्या शेवटच्या वर्षांचे, म्हणजे इ.स.पू. ४०९ ते ४०७ या काळाचे हिशेब तर इतके तपशीलवार आहेत, की कोणत्या खांबावर पन्हळी कोण कोरीत होता आणि त्याला किती द्राख्मा मिळाले हे आजही वाचता येते.

या हिशेबात ज्या ८६ कामगारांचा सामाजिक दर्जा कळतो, त्यांपैकी २४ नागरिक होते, ४२ मेटिक म्हणजे बाहेरून येऊन स्थायिक झालेले उपरे रहिवासी होते, आणि २० गुलाम होते. दगड घडविणाऱ्यांची रोजची मजुरी साधारणपणे एक द्राख्मा. नागरिकाला एक, मेटिकला एक, गुलामाच्या नावावरही एक. देखरेख करणाऱ्या वास्तुविशारदाचा रोजही एक द्राख्माच होता. शिल्पपट्टावरच्या आकृती नगावर दिल्या जात. एका आकृतीचे साठ द्राख्मा हा नेहमीचा दर. गुलामाची मजुरी त्याच्या धन्याच्या पदरात पडे, हे विसरून चालणार नाही. तरीही रोजच्या श्रमाचे मोल मांडताना त्या दगडाने जन्माचा भेद केला नाही, आणि आराखडा काढणाऱ्याला व छिन्नी धरणाऱ्याला एकाच ओळीत बसविले, ही साधी गोष्ट नव्हे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला या ठिकाणी कार्ल्याचे चैत्यगृह आठवावे. तेथील काही खांबांवर धेनुकाकटाहून आलेल्या यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत. ग्रीक भाषिक जगाशी या भूमीचा आलेला संबंध ज्या थोड्या खुणांतून दिसतो, त्यांपैकी ही एक. पण कार्ल्याच्या शिलालेखांत प्रामुख्याने बोलतो तो दाता. एखाद्या सुताराचे नाव येते, ते अपवादाने; डोंगर पोखरणारे शेकडो हात मुकेच राहतात. इरेख्थिऑनच्या दगडावर मात्र राबणारा आपल्या नावानिशी, आपल्या मजुरीनिशी उभा आहे. अ‍ॅक्रोपोलिसवर पाहण्याजोगे जे जे आहे, त्यात हा हिशेब पार्थेनॉनच्या खांबांइतकाच मोलाचा आहे. परंतु घाईच्या फेरफटक्यात पेरिक्लीजचे नाव चार वेळा ऐकू येते, फिडिअसचे तीन वेळा. एक द्राख्मा रोजावर पन्हळी कोरणाऱ्याचे एकदाही येत नाही.

सुवर्णयुगाची दुसरी बाजू

म्हणून प्राचीन अथेन्सला समतेचे नंदनवन समजण्याचा भाबडेपणा कोणी करू नये. एका दगडावर मजुरीचा हिशेब होता, तसा याच टेकडीवर दुसऱ्या एका प्रचंड दगडावर खंडणीचाही हिशेब होता. इराणी साम्राज्याविरुद्ध संरक्षणासाठी ग्रीक नगरांनी जो संघ केला, त्याचा खजिना डीलॉस बेटावर असे. इ.स.पू. ४५४ मध्ये तो अथेन्सला हलविण्यात आला. तेव्हापासून प्रत्येक नगराच्या वर्गणीचा साठावा हिस्सा अथेना देवीच्या नावे जमा होऊ लागला आणि त्याची यादी वर्षानुवर्षे संगमरवरावर कोरली गेली. मित्रांची वर्गणी कधी मांडलिकांची खंडणी झाली, हे त्यांना सेमॉस बेटाच्या बंडाच्या वेळी कळले आणि मीलॉस बेटाला इ.स.पू. ४१६ मध्ये कळले. त्या वर्षी मीलॉसच्या पुरुषांची कत्तल झाली आणि बायकामुलांना गुलाम म्हणून विकण्यात आले. हा निर्णय कोणा जुलमी राजाचा नव्हता. तो त्याच लोकशाहीचा होता.

अथेन्सची चांदी येई ती लॉरिऑनच्या खाणींतून, आणि त्या खाणींत अंधाऱ्या बोगद्यांतून राबत ते गुलाम. स्पार्टाने इ.स.पू. ४१३ मध्ये डेकेलिया बळकावून तेथे तटबंदी केली, तेव्हा वीस हजारांहून अधिक गुलाम अथेन्सकडून पळून गेल्याची नोंद थ्युसिडिडीजने केली आहे. गुलाम सुखी होते असे म्हणणाऱ्या प्रत्येक पंडिताला ही एक नोंद पुरेशी आहे. स्त्रियांना मत नव्हते. मेटिक दरसाल डोईपट्टी भरीत, सैन्यात लढत, मंदिरे बांधीत. पण सभेत त्यांना स्थान नव्हते. इ.स.पू. ४५१ च्या पेरिक्लीजच्या कायद्याने तर आई आणि बाप दोघेही अथेन्सचे असल्याखेरीज नागरिकत्व नाकारले.

हे सारे सांगावयाचे ते पार्थेनॉनची प्रभा कमी करण्यासाठी नव्हे. ती प्रभा कोणाच्या घामातून आली हे कळल्याने ती उणावत नाही. उलट तिचा खरा धनी कोण, ते स्पष्ट होते. ज्यांनी सुवर्णयुगाची नुसती आरती ओवाळावयाची ठरविले आहे, त्यांना मात्र हा इतिहास गैरसोयीचा वाटतो. कारण लोकशाही ही एकदा जन्मून पूर्ण झालेली वस्तू नसून, जे तिच्या बाहेर ठेवले गेले त्यांनी लढून रुंदावलेली वाट आहे, हे त्यातून उघड होते.

खडकाची सफाई आणि माणसांची

आज टेकडीचा माथा जसा मोकळा व पांढरा दिसतो तसा तो दोन सहस्रकांत क्वचितच होता. पार्थेनॉन हे मंदिर होते, मग ते कुमारी मेरीचे चर्च झाले, मग मशीद झाली. २६ सप्टेंबर १६८७ रोजी व्हेनिसच्या मोरोसिनीच्या तोफेचा गोळा आत साठविलेल्या ऑटोमन दारूगोळ्यावर पडला आणि इमारतीचा मध्यभाग उडाला. त्या नंतरही माथ्यावर घरे होती, गल्ल्या होत्या, पडक्या मंदिराच्या पोटात लहानशी मशीद होती. युरोपातील बड्या सत्तांनी बव्हेरियाच्या राजपुत्राला नव्या ग्रीसच्या गादीवर बसविले आणि १८३४ मध्ये अथेन्स राजधानी झाले, तेव्हा या खडकाची 'सफाई' सुरू झाली. घरे गेली, मशीद गेली. मध्ययुगीन बुरूज १८७५ मध्ये पाडण्यात आला, त्याचा खर्च श्लीमानने उचलला. पेरिक्लीजनंतर या टेकडीवर जणू कोणी जगलेच नाही, असा देखावा उभा राहिला. प्रवासी आज ज्याला 'प्राचीन' म्हणून पाहतो, त्या रिकाम्या माथ्याचा मोठा भाग एकोणिसाव्या शतकाने घडविलेला आहे.

आणि त्याच शतकात टेकडीच्या उतारावर कामगारांनी आपला स्वतंत्र अध्याय लिहिला. नव्या राजाच्या वाड्यासाठी व नव्या राजधानीच्या बांधकामासाठी आनाफी बेटावरून गवंडी आले. दिवसा राजाची घरे बांधावयाची. राहण्यासाठी मात्र त्यांना कोणी घर दिले नव्हते. तेव्हा त्यांनी अ‍ॅक्रोपोलिसच्या उत्तरेकडील कड्याखाली आपल्या बेटावरच्यासारखी इवलीशी पांढरी घरे उभारली. ती वस्ती आनाफिओटिका या नावाने ओळखली जाते. विसाव्या शतकात उत्खननासाठी तिच्यातली काही घरे पाडली गेली; उरली ती आता प्रवाशांच्या छायाचित्रांत शोभेची वस्तू झाली आहेत. शहर बांधणाऱ्याला शहरात बेकायदा ठरवावयाचे आणि पुढे त्याच्या झोपडीचे चित्र पोस्टकार्डावर छापून विकावयाचे, हा व्यवहार मुंबईच्या वाचकाला कोणी समजावून सांगावयास नको.

पुढल्या काळात टेकडीचा पायथाही याच वाटेने गेला. कुकाकी आणि माक्रिगियानी या मोहल्ल्यांत पूर्वी राहत ती नोकरदारांची, कारागिरांची कुटुंबे. आता तेथे घरमालकाला महिन्याच्या भाडेकरूपेक्षा रात्रीचा पाहुणा परवडतो. अ‍ॅक्रोपोलिसचे दर्शन अडविणाऱ्या एका उंच हॉटेलाविरुद्ध रहिवाशांना लढावे लागले, तेव्हा कोठे त्याचे वरचे दोन मजले उतरविण्याचा आदेश निघाला. अथेन्सच्या मध्यवर्ती तीन विभागांत पाहुणेभाड्याच्या नव्या नोंदणीवर बंदी आली ती २०२५ उजाडल्यावर. घोडा पळाल्यावर तबेल्याला कुलूप लावण्यातलाच हा प्रकार.

पाच हजारांची पहाट

दरवाढीचे समर्थक तीन युक्तिवाद करतात. पहिला असा, की गर्दीने स्मारकाची झीज होते. दर वाढविला तर गर्दी आवरेल. वरवर पाहता हे पटण्याजोगे आहे. परंतु गर्दीला आळा घालण्याचा उपाय सप्टेंबर २०२३ पासूनच अमलात आहे: दिवसाला वीस हजार माणसांची मर्यादा आणि तासातासाच्या प्रवेशवेळा. ही व्यवस्था योग्यच आहे. मर्यादा संख्येने ठरली की दर कितीही असो, आत जाणार ते वीस हजारच. मग दहा युरो अधिक घेतल्याने काय साधते? किती जण वर जाणार हे मर्यादा ठरविते. कोण जाणार आणि कोण पायथ्याशी राहणार, तेवढे दर ठरवितो. गर्दीच्या नावाखाली केलेली ही गाळणी आहे, आणि तिच्यात गाळला जातो तो नेहमीचाच.

दुसरा युक्तिवाद असा, की येणारे परदेशी श्रीमंत असतात. त्यांच्याकडून घेतले तर बिघडले कोठे? चाळीस लाख माणसे श्रीमंत नसतात. त्यांत शेजारच्या बाल्कन देशांतले कामगार असतात, पै पै साठवून आलेले शिक्षक असतात, आशिया-आफ्रिकेतले विद्यार्थी असतात. आणि स्वतः ग्रीकही असतात. ज्यांच्यापाशी खरोखरच अमाप पैसा आहे त्यांच्यासाठी तर वेगळीच सोय झालेली आहे. १ एप्रिल २०२४ पासून सकाळी सात ते नऊ आणि रात्री आठ ते दहा, म्हणजे सामान्यांसाठी फाटक बंद असताना, पाचपर्यंत माणसांच्या चार तुकड्यांना खासगी दर्शनाची योजना लागू झाली. एका तुकडीचे मोल पाच हजार युरो. उन्हाचा ताप नसलेली, शांत, सोनेरी प्रकाशाची वेळ वीस माणसांना विकावयाची आणि भर दुपारची रणरण वीस हजारांना वाटावयाची, अशी ही वाटणी आहे. ग्रीसमधल्या पुरातत्त्वज्ञांच्या संघटनेने या योजनेला विरोध केला, ते योग्यच झाले. मंदिराच्या गाभाऱ्यात पैसेवाल्यांची वेगळी रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या योजनेचा अर्थ एका क्षणात कळेल.

तिसरा युक्तिवाद सर्वांत गंभीर आहे: जतनाला पैसा लागतो. लागतोच. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या समितीच्या देखरेखीखाली चाललेले जीर्णोद्धाराचे काम हे विसाव्या शतकातल्या ग्रीसने केलेल्या सर्वोत्तम सार्वजनिक कामांपैकी एक आहे. त्यापूर्वी दुरुस्तीत वापरलेले लोखंडी आकडे गंजून फुगले आणि त्यांनी संगमरवराला तडे पाडले. ते एकेक काढून टायटॅनियमचे बसविण्यात आले. जेथे दगड कमी पडला तेथे प्राचीन खाणींच्याच पेंटेलिकॉन डोंगरातून नवा आणून जुन्या तुटक्या कडेला केसाचीही फट न राहील असा जोडण्यात आला. हे काम यंत्राचे नव्हे, पिढीजात हाताचे आहे. टिनॉस बेटावरच्या संगमरवर घडविण्याच्या कारागिरीला २०१५ मध्ये युनेस्कोने मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून मान दिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये पार्थेनॉनच्या पश्चिम बाजूची परांची उतरली तेव्हा सरकारने ती घटना अभिमानाने मिरविली. पण त्या परांचीवर ज्यांचे आयुष्य गेले त्यांना काय मिळाले, हे पाहिल्याशिवाय जतनाचा युक्तिवाद पुरा होत नाही.

रखवालदाराची दुपार

ऑक्टोबर २०१० मध्ये ग्रीक संस्कृती मंत्रालयाच्या कंत्राटी कामगारांनी थकलेल्या पगारासाठी व नोकरीच्या शाश्वतीसाठी अ‍ॅक्रोपोलिसचे फाटक अडविले. त्यांना हटविण्यासाठी दंगलविरोधी पोलीस आले आणि लोकशाहीच्या जन्मस्थानी अश्रुधूर सोडण्यात आला. त्याच वर्षी सावकारांच्या अटींखाली ग्रीसचे वेतन, निवृत्तिवेतन आणि सार्वजनिक सेवा यांवर कुऱ्हाड चालत होती. आणि जर्मनीतल्या 'बिल्ड' या खपाच्या दैनिकाने ग्रीकांना आपली बेटे विकण्याचा, जोडीला अ‍ॅक्रोपोलिसही विकण्याचा सल्ला दिला होता. तो सल्ला उद्दाम होता, आणि अथेन्सने त्याचा संताप केला. मात्र सावकाराने जे एकरकमी मागितले, ते पुढे किरकोळीने विकावयास काढले गेले: दोन तासांना पाच हजार.

जुलै २०२३ च्या उष्णतेच्या लाटेत हाच प्रश्न दुसऱ्या रूपाने पुढे आला. माथ्यावर सावली जवळजवळ नाही. पांढरा दगड वरून आलेले ऊन खालून परत फेकतो. प्रवासी तासाभराने उतरतो. रखवालदार पाळी संपेपर्यंत तेथेच उभा असतो. सरकारने दुपारचे काही तास स्थळ बंद ठेवले, पण तेवढे पुरेसे नव्हते म्हणून रखवालदारांच्या संघटनेने दुपारनंतरचे काम थांबविण्याचा निर्णय घेतला. २०२४ च्या जूनमध्ये आणि २०२५ च्या जुलैमध्ये पुन्हा दुपारी फाटक बंद करावे लागले. प्रवाशांच्या गैरसोयीविषयी पुष्कळ छापून आले. परंतु हवामानबदलाच्या काळात उघड्या खडकावरच्या कामाचे तास कोण ठरविणार, पर्यटन कंपन्यांचे वेळापत्रक की कामगाराचे शरीर, हा खरा प्रश्न होता; आणि त्याचे उत्तर कामगारांनी स्वतः काम थांबवून दिले.

या टेकडीला असे उत्तर नवे नाही. ३० मे १९४१ च्या रात्री मानोलिस ग्लेझोस आणि अपोस्तोलोस सान्तास हे दोन तरुण अंधारात खडक चढून गेले आणि त्यांनी नाझींचा स्वस्तिकध्वज खाली ओढला. पूर्वेच्या टोकाला ध्वजस्तंभापाशी त्यांच्या नावाची पाटी आहे. पाटी सांगत नाही ते असे, की त्याच ग्लेझोसला पुढे स्वतंत्र ग्रीसच्या सरकारांनी डाव्या विचारांसाठी वर्षानुवर्षे तुरुंगात डांबले आणि फाशीची शिक्षाही सुनावली. यादवीच्या काळात माक्रोनिसॉस बेटावरील छावणीत डाव्या सैनिकांना व राजबंद्यांना 'सुधारण्या'साठी ठेवले होते. तेथे त्यांच्याकडून पार्थेनॉनच्या छोट्या प्रतिकृती बांधवून घेतल्या जात. छळछावणीत लोकशाहीचे मंदिर बांधावयास लावणे, याहून क्रूर विनोद शोधून सापडणार नाही. ४ मे २०१० रोजी ग्रीक कम्युनिस्टांनी याच खडकावर युरोपातल्या जनतेला उठावाची हाक देणारे फलक फडकविले, तेव्हा स्मारकाचा अपमान झाला म्हणून ओरड करणाऱ्यांना हा इतिहास ठाऊक नसावा, किंवा तो ठाऊक असूनही विसरण्याची त्यांची तयारी असावी.

लंडनचे अन्नछत्र

या साऱ्याचा संबंध ग्रीसच्या सर्वांत न्याय्य मागणीशी येऊन भिडतो. एल्गिनच्या माणसांनी १८०१ पासून पार्थेनॉनची शिल्पे उतरविली, काही करवतीने कापली, आणि १८१६ मध्ये ती पस्तीस हजार पौंडांना ब्रिटिश सरकारने विकत घेतली. सुमारे १६० मीटरच्या शिल्पपट्टापैकी ७५ मीटर, पंधरा चौकोनी शिल्पफलक आणि त्रिकोणी छताखालच्या सतरा मूर्ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. इरेख्थिऑनच्या सहा स्त्रीमूर्तींपैकी एक लंडनमध्ये आहे. तिच्या पाच बहिणी अथेन्सच्या संग्रहालयात तिची वाट पाहत आहेत. १९८२ मध्ये मेक्सिकोतील युनेस्कोच्या परिषदेत मेलिना मर्कुरी यांनी या शिल्पांची मागणी जगापुढे ठेवली. २००९ मध्ये टेकडीच्या पायथ्याशी नवे संग्रहालय उघडले आणि 'ठेवणार कोठे?' हा लंडनचा सवाल निकालात निघाला. व्हॅटिकनने २०२३ मध्ये आपल्याकडचे तीन तुकडे परत केले. ब्रिटन मात्र १९६३ च्या कायद्याआड लपून बसले आहे.

लंडनच्या बाजूने एक मखलाशी नेहमी केली जाते: येथे ही शिल्पे कोणालाही फुकट पाहता येतात. चोरलेल्या धान्याचे अन्नछत्र घातले म्हणून ते धान्य चोराचे होत नाही, हे तिला सरळ उत्तर आहे. पण अथेन्सच्या फाटकावर तीस युरोंची आणि पाच हजार युरोंची पाटी लावून ग्रीक सरकारने ही मखलाशी स्वतःच्या हाताने बळकट केली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश म्युझियमने याच शिल्पांसमोर फॅशनचा कार्यक्रम होऊ दिला, तेव्हा ग्रीसच्या संस्कृतिमंत्र्यांनी त्याचा कडक निषेध केला. तो योग्यच होता. त्यानंतर दोन महिने उलटण्यापूर्वी त्याच मंत्रालयाने पहाट विकावयास काढली. मे २०२५ मध्ये एका बूट कंपनीने आकाशात ड्रोनच्या दिव्यांनी असा बूट रेखाटला की तो अ‍ॅक्रोपोलिसला लाथ मारतो आहे असे दिसले. पुन्हा संताप, पुन्हा कायद्याची भाषा. आकाशातला बूट ज्यांना दिसतो, त्यांना जमिनीवरचा गल्ला का दिसू नये?

शिल्पे परत आली पाहिजेत, विनाअट आली पाहिजेत. मात्र ती ज्या ग्रीक जनतेच्या नावाने मागितली जातात, तिला आपल्याच टेकडीवर गिऱ्हाईक करून ठेवले तर त्या मागणीतला प्राण जातो. लुटीचा माल परत मिळवावयाचा तो घरच्यांसाठी. घराच्या दाराशी दुकान थाटण्यासाठी नव्हे.

मग करावे काय?

उपाय गूढ नाहीत. गर्दीची मर्यादा संख्येने राहू द्यावी आणि तिच्यातला ठराविक हिस्सा शाळांना, कामगार संघटनांना, अथेन्सच्या रहिवाशांना विनामूल्य राखून ठेवावा. मेलिना मर्कुरी यांच्या स्मरणार्थ ६ मार्चला फाटक मोकळे असते. वर्षातला एक दिवस हे स्मारक नव्हे, आठवड्यातला एक दिवस असे केले तर ते स्मारक होईल. पाच हजारांची पहाट तत्काळ बंद करावी. सकाळची ती वेळ उन्हाळ्यात वृद्धांना आणि अपंगांना द्यावी. रखवालदार व कारागीर यांना कायम नोकरी द्यावी आणि ठराविक तपमानापुढे वेतनासह काम थांबविण्याचा हक्क कायद्याने मान्य करावा. पायथ्याच्या मोहल्ल्यांत राहणाऱ्या भाडेकरूंना संरक्षण द्यावे. नाहीतर उद्या अ‍ॅक्रोपोलिसच्या भोवती अथेन्स उरणार नाही, नुसती हॉटेले उरतील.

आणि आणखी एक गोष्ट, जिला जवळपास खर्चच नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी या टेकडीवर प्रत्येक द्राख्माचा हिशेब दगडावर कोरून येणाऱ्याजाणाऱ्यापुढे मांडला जात असे. आजच्या सरकारने प्रॉपिलीआच्या वाटेवर एक फलक उभारावा आणि त्यावर दरसाल लिहावे: तिकिटांतून किती युरो आले, त्यांपैकी जतनावर किती गेले, रखवालदाराला किती मिळाले, दगड घडविणाऱ्याला किती मिळाले, आणि त्यांची नावे काय. पेरिक्लीजच्या अथेन्सची खरी परंपरा चालवावयाची असेल तर तिचा आरंभ येथून होतो. गुलामांच्या श्रमावर उभ्या असलेल्या त्या जुन्या लोकशाहीला जे लपवावेसे वाटले नाही, ते आजच्या लोकशाहीला उघड करण्याची भीती का वाटावी?